नाव नको सांगूस, गाव तरी सांग

माईंच्या आणि आमच्या घरामधली भिंत छातीइतकी उंच आहे, आणि गवंड्यानं ती गप्पा मारणाऱ्यांची सोय बघूनच बांधली असावी, असा माझा संशय आहे. कोपर बरोबर टेकतं, वाटी ठेवता येते, वर कढीपत्त्याची सावली. झाड माईंचं, फांद्या आमच्याकडे. साताऱ्यात एप्रिलचं ऊन चारनंतर जरा नरमतं. तेव्हा माई पापडांवर नजर ठेवायला अंगणात येतात आणि मी दुकानाकडे जाता जाता पाच मिनिटं थांबते. पाच मिनिटं ही आपली बोलायची पद्धत.

परवा पापड उलटायच्या आधीच माई भिंतीपाशी येऊन उभ्या होत्या. म्हणजे बातमी ताजी होती.

"ऐकलंस का गं? कोपऱ्यावरच्यांच्या मुलीचं फिसकटलं."

"साखरपुड्याची तारीख ठरली होती ना?"

"हॉलचा विसार दिलेला. आचाऱ्याला सांगितलेलं. आणि काल मुलाकडून निरोप, पत्रिकेत जरा अडचण दिसते म्हणून. अगं, पत्रिका कधीच जुळली होती! छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण!" माईंनी आवाज खाली आणला. माईंचा आवाज खाली आला की तो समोरच्या घरापर्यंत नीट पोचतो. "गोळ्या घेते म्हणे. डोक्याच्या."

इथं सांगायला हवं की आमचं औषधाचं दुकान आहे. डी. फार्म. मी केलंय, गल्ल्यावर हे बसतात, चिठ्ठ्या मी वाचते. त्यामुळे कुणाचं पोट बिघडलंय, कुणाचं बीपी चढलंय आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची वही माझ्याकडे आहे, असा अख्ख्या कॉलनीचा ठाम समज आहे. वही आहेच. पण ती दुकानाची पायरी उतरत नाही.

"तुझ्याकडूनच नेत असेल," माई म्हणाल्या.

"माई, ती पुण्यात राहते."

"मग आपल्या इथलं कोण नेतं?"

"ते नाही सांगायची."

"बरं, नाव नको सांगूस, गाव तरी सांग."

हे माईंचं नेहमीचं. गाव कळलं की आडनाव त्या स्वतःच काढतात आणि आडनावावरून सोयरीक.

कोपऱ्यावरच्या मुलीची हकिकत मात्र गल्लीत सगळ्यांनाच कळली आहे, कारण ती मुलीनंच सांगितली. मुलगी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. कामाचा डोंगर साचायला लागला, झोप उडाली, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेली. तिथं एडीएचडीचं निदान झालं. गोळी सुरू झाली, समुपदेशन सुरू झालं, गाडी रुळावर आली. लग्नाचं ठरताना तिनं हे मुलाला आपणहून सांगितलं, मागाहून कळायला नको म्हणून. मुलगा म्हणाला, चालेल. मुलानं आईला सांगितलं. आईनं बहिणीला. बहिणीनं बहुतेक भिशीत. संध्याकाळी जी 'लक्ष लागण्याची अडचण' होती ती रात्री 'डोक्याच्या गोळ्या' झाली, सकाळी दुधाच्या रांगेत 'फिट येते' झाली आणि माझ्या काउंटरवर पोचली तेव्हा 'येरवड्याला दाखवलं होतं' इथवर गेली होती.

माईंची तक्रार वेगळीच. "पण सांगायची गरज काय होती म्हणते मी? आमच्या वेळी पायाला सहावं बोट असलं तरी अक्षता पडल्यावर दिसायचं."

"म्हणजे खरं बोलली हीच चूक."

"चूक नाही गं. वेंधळेपणा. लहानपणापासूनच तशी ती. दप्तर शाळेत, छत्री एसटीत, एक चप्पल कुणाच्या तरी दारात. दूध आणायला पाठवावी तर वाटेत मांजराची पिल्लं बघत बसलेली. हुशार होती हं! पण सहावीत गणिताच्या पेपरचं मागचं पान उलटायचंच विसरून आली. बापानं काय बदडली होती त्या दिवशी."

"मग तेव्हा काय म्हणायचे तिला लोक?"

"काय म्हणणार? धांदरट. गबाळी. आळशी. तिची आजी म्हणायची, ही सासरी गेली की आठवड्यात घर पेटवेल."

"तरी स्थळं येत होतीच की."

"मग! वेंधळ्या मुलींची लग्नं होत नाहीत होय? माझं नाही झालं?"

झालं तर. धांदरट, गबाळी, आळशी, डोक्यावर पडलेली, एवढे शिक्के त्या पोरीवर कॉलनीनं मारले. एकाही शिक्क्याला कुणाची सही लागली नाही आणि एकाही शिक्क्यानं तिचं लग्न अडलं नाही. डॉक्टरांनी तिच्याशी बसून बोलून, आईवडिलांना लहानपणचं सगळं विचारून एक नाव लिहून दिलं, त्या दिवशी अठ्ठावीस गुण कमी पडले. मी हे माईंना म्हणाले तर त्या पापड उलटता उलटता थांबल्या.

"नावं ठेवणं वेगळं गं. गोळी म्हणजे मग ठरलंच की काहीतरी."

या विषयावर इतकं प्रामाणिक वाक्य मी तज्ज्ञांच्या भाषणांतसुद्धा ऐकलेलं नाही. वेंधळेपणा हा स्वभाव. तो सुधारेल, लग्नानंतर सुधारेल, पोरं झाल्यावर सुधारेल, अशी वाट बघता येते. तोवर त्या माणसाला बोलायची सोय राहते. गोळी आली की बोलणाऱ्यांची सोय जाते. मग गोळीलाच वाईट ठरवावं लागतं.

"पण ती नशेची असते ना?" हा आवाज वरून आला. वरच्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत कपडे काढत होत्या, म्हणजे एक टॉवेल त्या पहिल्यापासून काढत होत्या. "कुलपात ठेवतात म्हणे ती."

कुलपात ठेवतात हे खरं आहे. मेथिलफेनिडेट हे ते औषध. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं: दुकानाला त्याचं लायसन्स वेगळं, कपाट वेगळं, कपाटाला कुलूप. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानानं दोन वर्षं जपून ठेवायची. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातल्या यादीतही त्याचं नाव आहे. एवढी कटकट कोण करतो, म्हणून पुष्कळ दुकानदार ते ठेवतच नाहीत. मग लांबलांबच्या तालुक्यांतून लोक हेलपाटे घालतात, आणि मी कपाटाचं कुलूप काढायला लागले की चोरी केल्यासारखे इकडेतिकडे बघतात. हे कुलूप गरज नसलेल्यांसाठी आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला म्हणून कुणी ते मागू नये यासाठी. ज्याला खरोखर एडीएचडी आहे त्यानं डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेतलं, तर पुढं व्यसन लागण्याचं प्रमाण त्यामुळे वाढत नाही, असंच अभ्यासांतून दिसलंय. भूक मंदावते, कुणाची झोप कमी होते, म्हणून डॉक्टर वजन, उंची, नाडी, बीपी बघत राहतात. बरं, सगळ्यांना हीच गोळी लागते असंही नाही. अ‍ॅटोमॉक्सेटिन असतं, त्याला हे कुलूप नाही. आणि सहा वर्षांखालच्या पोरांच्या बाबतीत तर आधी आईवडिलांनाच शिकवतात, मुलाला कसं सांभाळायचं ते. गोळीचं नंतर बघतात.

माईंना लायसन्समध्ये काडीचा रस नव्हता. म्हणून रीटाची गोष्ट सांगितली. १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन नावाच्या रसायनतज्ज्ञानं हे औषध पहिल्यांदा तयार केलं. बायकोचं नाव मार्गरीट, लाडाचं रीटा. तिच्यावरून औषधाचं नाव ठेवलं रिटालिन.

"अगं बाई, औषधाला बायकोचं नाव!" माई खूश. "आमच्या ह्यांनी स्कूटरलासुद्धा दिलं नाही. मारुती प्रसन्न लिहून आणलं."

त्याच्याही आधीची गोष्ट अमेरिकेतली. १९३७ साली ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली नावाच्या डॉक्टरांनी, एका तपासणीनंतर पोरांची डोकी दुखतात म्हणून त्यांना बेंझेड्रिन नावाची उत्तेजक गोळी दिली. डोकेदुखीवर तिचा फार प्रभाव पडला नाही. पण एका जागी बूड न टेकणारी कितीतरी पोरं वर्गात बसून गणितं सोडवायला लागली. पोरांनीच तिचं बारसं केलं: गणिताची गोळी. त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नव्हतं. काळ्या पिशवीत घालून द्या, असं मला जे लोक सांगतात ती सगळी मोठी माणसं आहेत.

"तरी पण," वहिनी कठड्यावर ओणवल्या, "हे सगळं मोबाइल आल्यापासूनच झालंय की नाही?"

"आमच्या वेळी नव्हतंच असलं," माईंनी री ओढली.

"माई, तुमच्या वर्गात एकही पोरगा असा नव्हता?"

"होते की, तीन-चार होते. एकाला तर मास्तर खांबाला बांधून ठेवायचे, तरी खांबाभोवती फिरायचा."

"पुढं काय झालं त्यांचं?"

माई आठवत राहिल्या. "एक ट्रकवर गेला. एक मुंबईला पळून गेला तो गेलाच, आई मरेपर्यंत दाराकडे बघायची. एक मात्र जिल्हा परिषदेला निवडून आला हं. सभेत तोही कधी एका जागी बसायचा नाही."

म्हणजे पोरं होती. त्यांच्यासाठी खांब होता, दुसरं काही नव्हतं. जर्मनीत फ्रँकफुर्टला हाइनरिश हॉफमान नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलाला भेट म्हणून स्वतःच चित्रांचं पुस्तक काढून दिलं. ते छापून निघालं आणि पुढच्या आवृत्त्यांत वाढत गेलं. त्यात एक फिलिप आहे. जेवायच्या टेबलावर खुर्ची झुलवत राहतो आणि शेवटी टेबलक्लॉथसकट सगळी भांडी अंगावर ओढून घेतो. आणखी एक हान्स आहे, तो आभाळात बघत चालतो आणि थेट पाण्यात पडतो. एक चुळबुळ्या, एक तंद्रीतला. त्या काळी जर्मनीत वीजसुद्धा घरोघरी नव्हती, मोबाइल कुठला. वैद्यकीय सभेत हा विषय नीट मांडला तो जॉर्ज स्टिल यांनी, १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये. त्यांनी हुशारीत काही कमी नसलेल्या पण आवर न घालता येणाऱ्या मुलांचं वर्णन केलं, मात्र दोष ठेवला तो 'नैतिक संयमा'वर. गल्लीला नावं कशाला ठेवायची? सुरुवात डॉक्टरांनीच अशी केली होती. एडीएचडी हे नाव यायला १९८७ साल उजाडलं.

वहिनींचा मोबाइलवरचा विश्वास अर्थातच ढळला नाही, उलट त्यांनी तो पुढंच केला. "हे बघा, इन्स्टावर रोज दहा रील येतात. चहा गार होईपर्यंत विसरता? एडीएचडी. चष्मा शोधता? एडीएचडी. मलाही आहे बहुतेक. हल्ली सगळ्यांनाच असतं, फॅशन झालीय."

फॅशनची ही तक्रार अगदीच खोटी नाही, रीलवाल्यांनी धुमाकूळ घातलाय. पण त्याचा फटका कुणाला बसतो? ज्याला खरोखर आहे त्यालाच. 'सगळ्यांनाच थोडं थोडं असतं' असं म्हटलं की त्याच्या तक्रारीतली हवाच निघून जाते. डॉक्टर रील बघून निदान करत नाहीत. बेशिस्त लक्षाची नऊ आणि चुळबूळ-उतावळेपणाची नऊ अशा लक्षणांच्या दोन याद्या आहेत. लहान मुलांत कुठल्याही एका यादीतली सहा तरी, मोठ्यांत पाच तरी, सहा महिन्यांहून जास्त काळ दिसावी लागतात. घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर, निदान दोन ठिकाणी. त्यानं रोजचं जगणं अडायला हवं. आणि सुरुवात बारा वर्षांच्या आत झालेली हवी. म्हणूनच त्या मुलीचे आईवडील बोलावले होते. सहावीतलं न उलटलेलं पान तिथं उपयोगी पडलं. या चाळणीतून जगभरातल्या शंभर मुलांतली साधारण पाच आणि मोठ्या माणसांतली दोन-तीन शिल्लक राहतात. वहिनींचा चष्मा डोक्यावर होता.

"मग मला सांग," माईंनी हुकमाचं पान काढलं, "समोरचा तो भिंगरी. मोबाइल दिला की तीन तास मान वर करत नाही. तेव्हा बरं लक्ष लागतं? अभ्यासालाच तेवढं नाही? हा लबाडपणा झाला."

हा आक्षेप सगळे घेतात आणि तो वरवर बिनतोड आहे. माई, आपल्या कॉलनीच्या टाकीत पाणी असतं की नाही? असतं. पण व्हॉल्व्हमन कधी येईल, कुठल्या गल्लीला सोडेल आणि किती वेळ, ते आपल्या हातात आहे का? तसं आहे हे. लक्ष पुष्कळ असतं; ते हवं तेव्हा, हवं तिकडं सोडण्याचा व्हॉल्व्ह हातात नसतो. ताबडतोब काहीतरी मिळणार असेल, गेममध्ये दर सेकंदाला मिळतं तसं, तर तो आपोआप उघडतो. उद्या तपासायच्या शुद्धलेखनासाठी उघडत नाही. ज्याला असं होतं त्याला स्वतःलाही ते कळत नाही, आणि 'तू ठरवलंस तर करू शकतोस' हे वाक्य ऐकून ऐकून एक दिवस त्याला वाटायला लागतं की आपणच ठरवत नाही.

व्हॉल्व्हमनचं नाव काढल्यावर दोघी पाण्याच्या वेळेकडे वळल्या आणि विषय तिथंच संपला असता. पण तेवढ्यात चेंडू आला आणि चेंडूमागून भिंगरी. भिंतीवरून उडी, एक पाय अळूत, दुसरा पापडांपासून चार बोटांवर.

"मेल्या! माझे पापड!"

"सॉरी आजी सॉरी आजी सॉरी आजी," असं म्हणत तो कंपाउंडमधून रस्त्यावर पोचलासुद्धा. तिसरीत आहे. घरमालकांनी त्याच्या आईवडिलांना दोनदा सांगितलंय, पोराला आवरा नाहीतर जागा बघा. मागच्या आठवड्यात त्याचं शाळेचं कॅलेंडर आमच्या भिंतीवर राहिलं होतं. शेरे लिहायची पानं संपलेली, म्हणून बाईंनी कव्हरच्या आत लिहायला घेतलेलं. जागेवर बसत नाही. गृहपाठ अपूर्ण. पेन्सिल नाही. पुन्हा पेन्सिल नाही. इतरांना त्रास देतो. पालकांनी भेटावे. पालकांनी तातडीने भेटावे. प्रत्येक शेऱ्याखाली आईची सही. पहिल्या पानावर ती पूर्ण नावानं, नीट, शेवटी टिंब देऊन. मग नुसती आद्याक्षरं. कव्हरवर पोचेपर्यंत एक आडवी रेघ. पोराबद्दल कुठल्या पानावर एकही बरा शब्द नव्हता, आणि पोरगा तर मुंग्यांची रांग कुठून निघते ते सांगायला आमच्या मागच्या दारापर्यंत येतो.

"आई नोकरीला जाते ना," वहिनी वरून म्हणाल्या. "मग होणारच."

"आणि गोड किती देतात," माई. "श्रीखंड खाल्लं की बघायला नको."

आईचं आधी बघू. उंचीसारखीच ही गोष्ट रक्तातून फार मोठ्या प्रमाणात येते. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढं निघतो. भिंगरीचे वडील रोज सकाळी गाडीची किल्ली शोधत फाटकापर्यंत येतात आणि परत आत जातात, हे साऱ्या गल्लीला पाठ आहे. त्यांना कुणी काही म्हणत नाही. बाप विसरला तर विसरभोळा, आई कामावर गेली तर पोर बिघडवलं.

आता श्रीखंड. अमेरिकेत डॅनियल हूव्हर आणि रिचर्ड मिलिच या दोघांनी १९९४ साली एक प्रयोग छापला. साखरेनं आमची पोरं उधळतात, असं म्हणणाऱ्या आया घेतल्या. निम्म्या आयांना सांगितलं, तुमच्या मुलाला आत्ता भरपूर साखर दिलीय. खरं तर साखर कुणालाच दिली नव्हती, सगळ्यांना गोड चवीचं पण बिनसाखरेचंच पेय दिलं होतं. तरी 'साखर दिलीय' असं ऐकलेल्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी दिसली. त्या मुलांच्या जवळजवळ राहायला लागल्या, जास्त टोकायला लागल्या. पोरगं तेच होतं. कानात काय पडलं एवढाच फरक.

माई यावर काही बोलल्या नाहीत. श्रीखंड त्यांच्या हातचं फार चांगलं असतं, तो मुद्दा त्यांच्या दृष्टीनं राहूनच गेला होता.

"मुली कमी असतात ना यात?" थोड्या वेळानं वहिनींनी विचारलं. जरा वेगळ्या आवाजात.

डॉक्टरांपर्यंत कमी पोचतात. भिंगरीसारखा पोरगा दुसऱ्याच्या पापडांवर उडी मारतो, त्यामुळे शाळेला, शेजाऱ्यांना, सगळ्यांनाच त्याची घाई असते. मुली बहुतेक हान्ससारख्या. खिडकीतून बाहेर बघत शांत बसतात, कुणाला त्रास नाही. 'स्वप्नाळू आहे' असं प्रगतिपुस्तकात लिहून वर ढकलतात. पुढं नोकरी, घर, गॅसवरचं दूध, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं एकदम डोक्यावर येतं तेव्हा कोसळतात, आणि तेव्हाही आधी आळशीच ठरतात. वहिनींनी तो टॉवेल अखेर काढला आणि आत गेल्या.

"काय झालं हिला?" माईंनी मला विचारलं.

"मला काय माहीत."

"तुझ्याकडून काही नेते का?"

"माई!"

दुकानातलं मी नाव-गाव घेऊन सांगत नाही, पण एवढं सांगते. एका घरात आजेसासूबाईंना गोळ्यांची पट्टी सापडली. 'माझ्या पणतवाला वेड्याचं औषध देता' म्हणून त्यांनी ती घंटागाडीत टाकली. बापाला वाटलं, दुकानातून दुसरी घेऊ. मला देता येईना. त्या चिठ्ठीवरचा माल देऊन झाला होता. शेड्यूल एक्सला दया नाही. तो माणूस कामाचा खाडा करून पुन्हा डॉक्टरांकडे गेला, दोन प्रतींत नवी चिठ्ठी घेऊन आला, आणि जाताना विचारतो कसा, ताई, आयुर्वेदिकची एखादी रिकामी बाटली मिळेल का? मी दिली नाही. एका औषधाच्या बाटलीत दुसरं औषध, हे माझ्या काउंटरवरून होणार नाही. पण तो चिडला नाही, नुसता उभा राहिला, ते माझ्या जिवाला लागलं.

"मोठमोठ्या माणसांना असतं म्हणतात," माई म्हणाल्या. त्यांनी टीव्हीवर आलिया भट्टचं ऐकलं होतं.

असतं. सिमोन बाइल्स ही अमेरिकेची जिम्नॅस्ट. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकून घरी गेली, आणि पुढच्याच महिन्यात हॅकरांनी तिची वैद्यकीय कागदपत्रं चोरून जगापुढं टाकली, औषधं घेते म्हणून. औषधाला रीतसर परवानगी होती. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीनं सरळ सांगून टाकलं की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

"तिचं ठीक आहे," माई म्हणाल्या. "तिला कुठं सातारचं स्थळ बघायचं होतं."

याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रसिद्ध माणसांची उदाहरणं ऐकायला बरी वाटतात, भिंगरीच्या आईला त्यांचा काही उपयोग नाही. ती काउंटरवर एवढंच विचारते, परीक्षेला थोडा जास्त वेळ मिळेल का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव त्यात नाही. सोबत अध्ययन अक्षमता निघाली, आणि कैक मुलांत ती निघतेच, तर त्या दारातून आत जाता येतं. शाळेत हे सांगायला गेलं की उत्तर येतं, ते आमिर खानच्या पिक्चरमधलं ना? ते नाही. २००७ चा तो सिनेमा डिस्लेक्सियावर होता.

सहा वाजत आले. यांचा दुकानातून फोन आला, दोनदा. माईंनी पापडांची चादर गोळा केली आणि निघता निघता म्हणाल्या, "मुलाची आई आमच्या भजनी मंडळात येते. शुक्रवारी भेटेल. बोलते मी तिच्याशी."

"काय बोलाल?"

"सांगेन, मुलगी लाखात एक आहे. थोडी वेंधळी आहे, बाकी काही नाही."

"आणि गोळी?"

"गोळीचं मी काढणारच नाही."

शुक्रवारी काय झालं ते मला माईंकडून कळलेलं नाही, म्हणजे तिथं काही जमलं नसावं. तुमच्या गल्लीत असं काही कानावर आलं, किंवा तुमच्याच घरात पट्टी सापडली, तर ती घंटागाडीत टाकण्याआधी १४४१६ या नंबरवर फोन करून विचारा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि टाकलीच असेल तर माझ्या दुकानात येऊन उपयोग नाही. आधी डॉक्टरांकडे जा, नवी चिठ्ठी आणा. दोन प्रतींत.